ठमीचं पथ्य आणि ह्यांचं

१४ जून, शनिवार
ह्यांच्या लाडक्या कासवाला, ठमीला, झाकणाच्या बादलीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. रांगेत दोन शेळ्या, एक गाभण म्हैस आणि मी. दापोलीतली निम्मी ओळखीची माणसं तिथेच भेटायची होती. सगळ्यांना एकच प्रश्न, "साहेब कसे आहेत?" आणि मग बादलीत डोकावून हसणं.

डॉक्टर पोरगेलासा आहे. ठमीच्या पाठीवर अंगठा दाबून म्हणाला, "काकी, कवच मऊ पडलंय. खायला काय घालता?"
"कोळंबी. सोललेली. रोज."
"सोलून कशाला? सालातच तर सगळं असतं."
 तीन वर्षांपूर्वी आमच्या लेकाने, मंदारने, मुंबईहून कासव आणलं तेव्हापासून हे रोज सकाळी पाच कोळंब्या स्वतःच्या हाताने सोलून तिला भरवायचे. स्वतःच्या ताटातली कोळंबी उभ्या आयुष्यात सोलली नाही. ती मी सोलायची. ठमीसाठी मात्र नखं घाण झालेली चालायची.

यादी दिली. रवि., मंगळ., शुक्र. कोळंबी, सालासकट, नुसती उकडून. मीठ अजिबात नाही, सुकट नाही, सोडे नाहीत, भात-चपाती नाही. रोज शेवग्याचा पाला, गाजराचा कीस. पाण्यात समुद्रफेस. सकाळचं ऊन. दर आठवड्याला वजन.

वजन म्हटल्यावर मला हसू आलं. तीस वर्षं अंगणवाडीत दुसरं काय केलं?

१५ जून, रविवार
यादी फ्रिजवर चिकटवली. शेजारी ह्यांची आधीपासून आहेच. चैत्रात झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, तेव्हा दवाखान्यातून मिळालेली. मीठ नाही, तळलेलं नाही, नारळ कमी, मऊ अन्न, मासे-मटण पुढे सांगेपर्यंत बंद.

ठमीचा टब पडवीत ह्यांच्या खाटेला लागून ठेवला. तिथे ऊन येतं, हे कारण खरं आहे. एकमेव नाही.

ठ. ६४० ग्रॅम (स्वयंपाकाच्या काट्यावर, परातीसकट, परात वजा).
ह्यां. ६३. वॉकर धरवून क्षणभर काट्यावर उभं केलं. झटक्याआधी ७१ होते.

१७ जून, मंगळवार
पावसात होड्या बंद, त्यामुळे हर्ण्याची पारू आता खाडीची कोळंबी आणते. टोपली उतरवता उतरवता पडवीत बघून म्हणाली, "बाय, सायबास्नी बी दोन टाक की रश्श्यात."
"त्यांना पथ्य आहे."
"मंग ही कुनाला गो?"
"कासवाला."
पारूने कपाळावर हात मारला. मग पदरात बांधलेला माकुलाचा हाड काढून दिलान्. परवा मी समुद्रफेस हवा म्हटलं होतं, किनाऱ्यावर फिरून शोधून आणलान् बिचारीने. पांढरा, वीतभर. पाण्यात टाकला तर होडीसारखा तरंगतो.

कोळंबी उकडली. ठमीला थोडं पाणी घातलेल्या छोट्या घमेल्यात घेतलं, घमेलं खाटेजवळच्या स्टुलावर, मी समोर. चिमट्याने एकेक. ठमी मान लांब करून पकडते, पुढच्या पायांनी सालं ओरबाडते. ह्यांच्या नाकपुड्या हलत होत्या. शेवटची कोळंबी मी जरा हळूच दिली.

मग ह्यांना नाचणीची पेज. अळणी. डाव्या हाताने चमचा धरता येतो आता. गुणी बाळासारखी संपवली.

२२ जून, रविवार
आज वास जरा जास्तच सुटला. मी उकडताना झाकण ठेवलं नाही.

३० जून, सोमवार
तपासणी. ह्यांना बाहेर बाकावर बसवून मी फाईल घेऊन आत गेले.

डॉ. म्हणाले, बी.पी. छान आहे, पण वजन फार झपाट्याने उतरतंय. "ताई, आता पथ्य सैल करा. अंडं द्या, मासे द्या. उकडून, वाफवून. मीठ बेताचं चालेल. प्रोटीन पाहिजे त्यांना, नाहीतर अंगात ताकद कशी येणार? तुम्हाला मी काय सांगायचं, तुमचा तर जन्म त्यात गेला."

मी हो म्हटलं. कागदावर लिहून देत होते, मी म्हटलं नको, लक्षात राहील.

बाहेर आले. हे बघत होते. डोळ्यांनी विचारतात आताशा. मी म्हटलं, "आहे तेच चालू ठेवायला सांगितलंय."

रिक्षात बसल्यावर फाईल पिशवीत तळाशी घातली.  खोटं बोलले. बाहेर कुणाला सांगायची नाही ही गोष्ट, पण इथे तरी खरं लिहून ठेवते.

१ जुलै, मंगळवार
खोटं काल एक दिवसाचं होतं. आज सकाळी उठून सांगता आलं असतं, की हो, विसरले, मासे चालतात.

ठमीला पाच. ह्यांना दुधी आणि मऊ भात.

४ जुलै, शुक्रवार
वन्सं बुरोंडीहून आल्या. ह्यांची थोरली बहीण, सत्तरी उलटली तरी एस.टी.ने एकट्या येतात. भावाला बघून डोळ्याला पदर. मग फ्रिजवरच्या दोन्ही याद्या चष्मा लावून वाचल्यान्.
"केवडा करतेस गो सुलभा! मानसाचा बी नि जनावराचा बी. माज्या भावाचा नशीब म्हनून तू मिळालीस."
संध्याकाळी मंदारचा व्हिडिओ कॉल. वन्संनी फोन हातात घेऊन सगळ्या घराची वरात काढली, यादी, टब, औषधांचा डबा. मंदार म्हणाला, "आई, तू ग्रेट आहेस." हे खाटेवरून माझ्याकडे बघत होते. ऐकू सगळं येतं त्यांना.

५ जुलै, शनिवार
मंदार काल ग्रेट म्हणाला ते डोक्यातून जाईना. त्याच्याच वेळची गोष्ट आहे, म्हणून लिहून टाकते.

आठवा महिना होता. सुरमई आणलेली. आमच्याकडे मधली तुकडी ह्यांची, डोकं-शेपटी माझी, हे लग्न झाल्यापासून ठरलेलं. त्या दिवशी कचेरीतून यायला ह्यांना उशीर झाला आणि मला भूक आवरेना. एक तुकडी ताटात घेतली. तोंडात घास घालणार तोच हे दारात.  ओरडले असते तर बरं झालं असतं. माझ्या ताटातली तुकडी उचलली, मागल्या दारी गेले, मांजराला घातली. आणि मांजर खाऊन संपवेपर्यंत पायरीवर बसून राहिले. मलाही हाक मारली, "ये, बघ कशी खाते." मी पोट धरून उभी राहिले आणि बघितलं.

तहसील कचेरीतला अव्वल कारकून. गावात शब्द खाली पडत नसे. कधी हात उगारला नाही हो, असं बायका मला सांगायच्या, भाग्यवान आहेस म्हणून. खरंच नाही उगारला.

मी काय करतेय ते मला चांगलं समजतं.

८ जुलै, मंगळवार
चार दिवस ऊन नाही. ठमी गारठलीय. चिमटा पुढे केला तर मान आत. पाचही कोळंब्या तशाच.  गाजर किसलं, पाला बारीक केला, तोंडाजवळ धरला. नाही.
ठ. ६५०. ह्यां. ६१.

११ जुलै, शुक्रवार
गुरांच्या डॉक्टरला फोन केला. म्हणाला, दिवा लावा टबावर, आणि खाताना समोर बसू नका. काही कासवं माणूस बघत असेल तर खात नाहीत. घमेल्यात अन्न ठेवा, अर्धा तास एकटं सोडा.

साठ वॅटचा बल्ब टांगला. कोळंब्या घमेल्यात ठेवल्या आणि कपडे धुवायला मागे गेले. परत आले तर घमेलं स्वच्छ! सालाचा तुकडा नाही. ठमीच्या पाठीवरून हात फिरवला. ह्यांच्याकडे बघून म्हटलं, "खाल्लान् हो तुमच्या लेकीने." त्यांनी डोळे मिटले.

समोर बसून भरवायची माझी करमणूक मात्र गेली.

२० जुलै, रविवार
पाचाच्या सहा केल्या. दर खेपेला फस्त. वाढत्या अंगाचं लक्षण. वजन मात्र जागचं हलत नाही. काटा बिघडला असेल.

२४ जुलै, गुरुवार
उद्यापासून श्रावण, म्हणून आळीत आज प्रत्येक घरात तळणीचा आवाज. समोरच्या घरातून तिसऱ्या-शिंपल्यांच्या सुक्याचा वाटा आला. डबा पडवीतूनच आत नेला. "ह्यांना चालत नाही ना," मी दारातूनच म्हटलं, जरा मोठ्याने. आत बसून सगळा खाल्ला. चव लागली का? लागली. खोटं कशाला लिहू.

२५ जुलै, शुक्रवार
श्रावण. आता महिनाभर मला खोटं बोलायचीही गरज नाही. घरात पाळतोच आपण.

वन्संचा फोन. बोलता बोलता मी ठमीच्या कोळंबीचं बोलून गेले. "श्रावनात कोलंबी शिजवतेस? देवाला काय सांगशील गो?"
"मुक्या जनावराला कसला श्रावण, वन्सं? मागल्या दारी वेगळ्या चुलीवर उकडते, भांडं वेगळं."
त्यांना पटलं. पुण्याचं काम आहे म्हणाल्या.

मुकं तर घरात दुसरंही आहे. पण ते फोनवर कसं बोलणार.

१ ऑगस्ट, शुक्रवार
शिवणाच्या टेपने ह्यांचा दंड मोजला. अंगणवाडीत महिन्याच्या महिन्याला पोरांचा दंडघेर घ्यायचे, त्या सवयीने. जूनमध्ये २६ से.मी. होता, आता २३. टेप गुंडाळताना हात ढिला माझ्या हातात दिला त्यांनी. पोरं द्यायची तसा, काही न विचारता.

ठ. ६२५. उतरलं! दर खेपेला सहा खाऊन?

८ ऑगस्ट, शुक्रवार
नारळी पौर्णिमा. होड्या आता निघतील. नारळीभात केला, शेजारी वाटला. ह्यांना नारळ कमी म्हणजे किती कमी ते यादीत लिहिलेलं नाही. मी शून्य धरलं. वेलचीचा वास आला तेव्हा तोंडातून लाळ गळली. पुसली. मान फिरवली त्यांनी.

ठमीला सहा, मोठ्या होत्या. फस्त.

१३ ऑगस्ट, बुधवार
ठमीला परत दवाखान्यात नेलं. ६०५ ग्रॅम. डॉक्टरने तिला उलटं केलं, मांडीच्या खळग्यात बोट घातलं.
"काकी, हे उपाशी जनावर आहे."
मी उखडलेच. म्हटलं, आठवड्याला अठरा कोळंब्या, समोर ठेवते, रिकामं घमेलं उचलते. तीस वर्षं चारशे पोरांना जेवू घातलंय, मला उपाशी कोण ते कळतं.
तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही ठेवता ते खरं असेल. पण ही खात नाही. दुसरं कुणीतरी खातंय. घरात मांजर येतं का? उंदीर?"

मांजर! त्या समोरच्यांचा बोका. पडवीचं जाळीचं दार नीट लागत नाही. परवा शुक्रवार, कोळंबीचा दिवस. दाराआड बसते काठी घेऊन.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
नीट क्रमाने लिहिते.

शाळेतला लाऊडस्पीकर चालू होता. साडेअकराला घमेलं स्टुलावर ठेवलं, सहा कोळंब्या, ठमी. "मी कपडे धुवून येते," म्हटलं आणि माजघराच्या दाराआड बसले. फटीतून खाट दिसत होती. काठी मांडीवर.

मांजर आलं नाही.

हे आधी दाराकडे बघत राहिले. बराच वेळ. मग डावा हात निघाला. हळूहळू, चादरीवरून सरपटत, स्टुलाच्या कडेला, घमेल्यात. एक कोळंबी उचललीन्. तोंडात घातलीन्. सालासकट, डोक्यासकट. चावताना डोळे दाराकडेच. दुसरी. साल घशात अडकलं, आवाज न करता खोकले, उशीत तोंड खुपसून. तिसरी. त्या पाण्यात ठमी हगते हो. ते पाणी हनुवटीवरून गळत होतं.

चौथी ठमीच्या पुढ्यात धरलीन्. आणि बोलले. स्पष्ट बोलले. "ठमे. खा."

चार महिन्यांत माझ्याशी एक अक्षर नाही. मला वाटायचं वाचा गेलीच.

मला आधी हसू आलं. पदर तोंडात कोंबला. अव्वल कारकून कासवाच्या पाण्यातली कोळंबी चोरून खातोय. मग हसू कुठे गेलं कळलं नाही. अंगणवाडीत काही पोरं अशीच असायची. लाडू चड्डीत लपवणारी, बाईंचं लक्ष नाही बघून दुसऱ्याच्या ताटलीतली खिचडी ओरपणारी. त्यांची मान अशीच वळायची, दाराकडे. मी कधी त्यांना सगळ्यांसमोर बोलले नाही. दुसऱ्या दिवशी एक पळी जास्त वाढायची, बस्स.

सगळं संपल्यावर बादली वाजवत आत गेले. घमेलं उचललं. म्हटलं, "वा, आज पण सगळं संपवलंस गो ठमे!" डोळे मिटलेले. ओठाला कोळंबीची मिशी चिकटलेली होती. पुसली नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
स्टूल एक वीत लांब सरकवलं.

एवढंच केलं. दुसरं काही नाही. परत दाराआड.

हात घमेल्याच्या कडेपर्यंत पोचला, आत वाकेना. अंग रेटलं. खांदा खाटेबाहेर आला. बोटं हवेत चाळवत राहिली. ठमी आत निवांत सालं ओरबाडत होती. मग ह्यांचा तोल गेला. पडले नाहीत, खाटेच्या दांडीला छाती अडकली, अर्धे आत अर्धे बाहेर, डोकं खाली. मी लगेच धावले का? नाही, शंभरापर्यंत मोजलं. मग गेले. "अगंबाई, हे काय, घसरलात?"

उचलून वर घेतलं. एकटीने. दोन महिन्यांपूर्वी मला ते जमलं नसतं.

ठमीने सहाही खाल्ल्यान्. पहिल्यांदा खऱ्या.

२० ऑगस्ट, बुधवार
ठ. ६२०. ह्यां. ५६. दंडघेर २१.

कपाटातून जुनं वजनाचं रजिस्टर काढून बसले. हेळसांड झालेल्या पोरांच्या नावापुढे मी लाल पेनाने खूण करायची आणि त्याच दिवशी चालत घरी जायची. पालगडच्या वाटेवरची एक वाडी होती, तिथल्या एका सासूला मी काय काय बोलले होते. सुनेच्या पोरीला दूध देत नव्हती म्हणून. "तुझ्या हातून मेली तर तुला देव विचारणार नाही, मी विचारीन." सगळं शब्दन् शब्द तोंडपाठ आहे. ती सासू म्हणाली होती, "बाई, मला काय कमी छळलंय का ह्या घरातल्यांनी?" मी म्हटलं होतं, ते पोरीला कशाला सांगतेस.

काल मंगळवारी स्टूल जागेवर होतं. मीच परत सरकवलं. पण घमेल्यात हात गेला नाही. रविवारचं घाबरले असावेत, की...

मंदार रविवारी येतोय, गणपतीसाठी आठ दिवसांची रजा. म्हणाला, सोमवारी बाबांना मीच तपासणीला नेतो, तू जरा आराम कर. डॉक्टर त्याला पहिलं काय विचारतील ते मला माहीत आहे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार
पारूकडून दोन वाटे घेतले, चांगली टपोरी. श्रावण अजून एक दिवस आहे. मोडला.

ठमीच्या सहा, सालासकट. आणि दहा वेगळ्या, सोलून, दोरा काढून, हळद आणि अगदी चिमूटभर मीठ लावून वाफवल्या. सोलताना वाटलं, हे चालेल. हातात द्यायला नको, तोंडाने काही बोलायला नको. घमेल्याशेजारी बशी ठेवून द्यायची. खातील. मी कपडे धुवून येईन. जसं पोरांना एक पळी जास्त.

दाराआड बसले.

त्यांनी बशीकडे बघितलं. सोललेल्या, पिवळ्या, चमचाही ठेवलेला. तेव्हाच कळलं असणार त्यांना. कासवाला कुणी हळद लावत नाही. मान वळवून थेट माझ्या दाराच्या फटीकडे बघितलं. कचेरीत चुकीच्या कागदाकडे बघावं तसं. तिथेच डोळे ठेवून हात चादरीखाली घेतला.

मी बाहेर आले. "खा ना. तुमच्यासाठीच आहेत." ओठ घट्ट.

२३ ऑगस्ट, शनिवार
काल दुपारपासून काही घेत नाहीत. पेज नाही. दूध नाही. पाणी दोन घोट, तेही औषधापुरतं. चमचा नेला की तोंड भिंतीकडे. हे ह्यांचं जुनं हत्यार, पूर्वी ताट सरकवून उठून जायचे. आता उठता येत नाही, तरी सरकवतातच.

उद्या मंदार येईल तो काय बघेल? बाप खाटेवर कोरडा पडलेला, शेजारी गुटगुटीत कासव, फ्रिजवर दोन याद्या.

भीती वाटतेय. मंदारची वाटतेय, आणि ह्यांची पण. हे मेले तर, अशी भीती. ती असेल असं मला वाटलं नव्हतं.

२४ ऑगस्ट, रविवार
सकाळी परत कोळंबी. वाफवून बशीत घेतली, खाटेवर त्यांच्या शेजारी बसले. स्टुलावर नाही.

म्हटलं, "ऐका. जूनमध्येच डॉक्टरांनी मासे द्या म्हणून सांगितलं होतं. मी तुम्हाला खोटं सांगितलं. मुद्दाम. तुमच्यासमोर ठमीला भरवायचे तेही मुद्दाम. स्टूल लांब केलं तेही." सुरमईचं पण बोलणार होते. ते नाही आलं तोंडात.

ते ऐकत होते. चेहऱ्यावर अर्ध्याच बाजूला काय ते दिसतं, त्यावरून मला काही वाचता येईना. मग मी म्हटलं, "मंदारला सांगायचं असेल तर सांगा. बोलता येतं तुम्हाला, मी ऐकलंय."

डावा हात निघाला. बशीतली एक उचलली. मला वाटलं खाणार. हात तोंडापाशी न जाता माझ्याकडे आला. माझ्या ओठांशी. तिथून खाली जाईना. "तू," म्हणाले. "आधी."

चौतीस वर्षांत ह्या माणसाने मला एक घास भरवलेला नाही. लग्नातला सोडून. म्हणून हा घास की... आणि मग वाटलं, छे. बघतोय. मी ह्यात काय घातलंय ते बघतोय. कुणीही तेच करेल. मीही केलं असतं.

दोन्हीतलं कुठलं ते विचारायला धजले नाही. तोंड उघडलं. खाल्ली.

आता अर्धा तास झाला. मी खाटेच्या कडेला बसून हे लिहितेय. बशी आमच्या दोघांमध्ये आहे, बाकीच्या तशाच. हे उशीला टेकून माझ्याकडे बघतायत, पापणी न हलवता. मंदारची गाडी खेडला पोचली, फोन आला होता. जेवायला काय केलंयस म्हणून विचारत होता.